शिंकेची शुद्ध आवृत्ती

बाईंच्या घरातून शिंक गेली तो दिवस मंगळवार होता.

शिंक हरवल्याची तक्रार नोंदवायला कुठल्याच कार्यालयात छापील अर्ज मिळत नाही, म्हणून सगळं पहिल्यापासून सांगणं भाग आहे. अडतीस वर्षांपूर्वी एका रॉक बँडने भरगच्च सभागृहात कार्यक्रम केला आणि तो जसाच्या तसा रेकॉर्ड करून त्याचा अल्बम काढला. अशा अल्बमला लाइव्ह म्हणतात. त्यात गाण्यांबरोबर टाळ्या, शिट्ट्या, खुर्च्या सरकवल्याचे आवाज असं जे काय झालं असेल ते सगळं येतं. या कार्यक्रमात तिसरं गाणं संपता संपता ड्रमवाल्याची काठी मोडली. दुसरी काठी सापडेपर्यंत नऊ सेकंद सभागृहात शांतता होती. त्या शांततेत अकराव्या रांगेतला एक माणूस शिंकला. आधी दोन छोट्या, मग एक मोठी.

तो माणूस म्हणजे बाईंचे यजमान. घड्याळं दुरुस्त करायचे. फोटोला हसून उभे राहत, पण टेपरेकॉर्डर समोर आला की तोंडाला कुलूप. सहा वर्षांपूर्वी ते गेले, तेव्हा मागे चार फोटो, एक भिंग आणि ही शिंक एवढंच उरलं. त्यांचा दुसरा कुठलाही आवाज जगात शिल्लक नव्हता. बाई दर रविवारी सकाळी भाजी निवडून झाली की रेकॉर्ड लावायच्या, सुई अचूक तिसऱ्या गाण्याच्या शेवटावर ठेवायच्या, शिंक ऐकायच्या आणि म्हणायच्या, "मफलर गुंडाळा म्हटलं होतं." मग रेकॉर्ड परत कपाटात. गाणी त्यांना विशेष आवडत नसत.

मंगळवारी संध्याकाळी जावई हात पाठीमागे लपवून आला.

"आई, डोळे मिटा. हं, आता उघडा!"

प्लास्टिकच्या चकचकीत वेष्टनात तोच अल्बम होता. नव्याने निघालेली सुवर्ण आवृत्ती. वर सोनेरी अक्षरं, आत म्हणे चाळीस पानांची पुस्तिका.

"चाहता संघाची योजना होती, जुनी द्या आणि नवी घ्या. लोक पहाटेपासून रांगेत होते. मी सहचिटणीस, म्हणून मला सरळ आत घेतलं."

बाईंनी कपाटाकडे पाहिलं. "म्हणजे माझी रेकॉर्ड दिलीत?"

"किती खरखर होती तिच्यात, आई! आणि दोन कोपरे दुमडलेले."

"बरं, जावईबापू. मग ही लावा."

"लावा म्हणजे?"

"वाजवा."

जेवणाच्या टेबलाचा पाय कापून द्या असं कुणी सांगावं, तसा जावयाचा चेहरा झाला. "आई, वेष्टन फोडलं की ती उघडी प्रत होते. उघड्या प्रतीला संघात काही मान नाही."

आतून लेक म्हणाली, "त्याच्याकडे तीन आहेत गं. एक जपायला, एक दाखवायला, आणि एक त्या दोघींना काही झालं तर."

"आणि ऐकायला?"

"ऐकायला कोण घेतं?" जावयाने विचारलं. त्याला खरंच माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी बाई संघाच्या कार्यालयात गेल्या. टायरच्या दुकानावरची खोली. भिंतीवर मोडक्या काठीचं चित्र. आत आल्या आल्या दोन सभासदांनी एकमेकांना नमस्काराऐवजी शिंकून दाखवलं, दोन छोट्या आणि एक मोठी. संघात अभिवादनाची हीच पद्धत होती. अध्यक्ष पेशाने दंतवैद्य होते. बाईंचा अर्ज त्यांनी पांढरे हातमोजे घालून हातात घेतला.

"आपलं म्हणणं असं की, ती शिंक आपल्या माहितीतल्या व्यक्तीची आहे."

"माहितीतल्या कसल्या? ह्यांचीच आहे."

"ह्यांची म्हणजे कुणाची?"

"अहो, आमच्या ह्यांची! मी शेजारच्या खुर्चीत होते. रुमाल मी दिला."

अध्यक्षांनी समजूतदारपणे मान हलवली. "आमच्या शिंक अभ्यास उपसमितीने दोनशे बारा पानांचा अहवाल दिला आहे. ती शिंक प्रस्थापित व्यवस्थेविरुद्ध होती, हे त्यात सिद्ध झालं आहे."

"व्यवस्थेविरुद्ध नव्हती हो. पंख्याविरुद्ध होती. डोक्यावर पंखा होता आणि ह्यांना सर्दी."

"पंख्याचा उल्लेख अहवालात नाही," अध्यक्ष म्हणाले. त्यामुळे पंखा तिथेच बंद पडला.

जुनी रेकॉर्ड परत मिळेल का, असं बाईंनी विचारलं. मिळणार नव्हती. जमा प्रतींना क्रमांक पडले होते आणि त्या पेट्यांमध्ये सीलबंद झाल्या होत्या. पन्नासाव्या वर्षी संघ त्यांची 'मूळ खरखर आवृत्ती' म्हणून समारंभाने पूजा... नव्हे, प्रदर्शन मांडणार होता. मात्र येत्या शनिवारी दुपारी चार वाजता वार्षिक श्रवण होतं. त्यात एक प्रत विधिवत उघडून एकदाच वाजवली जाते. बाईंना मागच्या रांगेत 'निमंत्रित, असभासद' म्हणून बसता येईल.

"एकदा ऐकू आली तरी पुरे," बाई म्हणाल्या.

शनिवारी कार्यकारिणीचे सतराच्या सतरा सभासद हजर होते. जावई तिसऱ्या खुर्चीवर. अध्यक्षांनी दात तपासायच्या बारीक हत्याराने वेष्टन कापलं, तेव्हा एका वकिलाने तोंड फिरवलं. त्याला ते बघवेना. भाड्याने आणलेल्या तंत्रज्ञाने सुई टेकवली. पहिलं गाणं झालं, दुसरं झालं. तिसरं संपत आलं तशा बाई पुढे सरकून खुर्चीच्या कडेवर आल्या. इतक्यात सतरा जणांनी खिशातून सतरा रुमाल काढले.

आणि सगळे एका सुरात शिंकले. दोन छोट्या, एक मोठी. महिनाभर सराव झाला होता. खिडकीची काच थरथरली आणि चौथं गाणं सुरू झालं.

"मला काही ऐकूच आलं नाही," बाई म्हणाल्या. "परत लावा."

"नियमात एकदाच..." अध्यक्षांनी सुरुवात केली. दोन सभासद श्रवण फार छान झाल्याचं एकमेकांना सांगू लागले.

बाई उठून उभ्या राहिल्या. चौतीस वर्षं त्यांनी दुसरीचा वर्ग सांभाळला होता.

"गप्प बसा! हाताची घडी, तोंडावर बोट."

सतरा बोटं सतरा तोंडांवर गेली. त्यात दोन वकील होते, एक दंतवैद्य होता. तंत्रज्ञाने कुणालाही न विचारता सुई उचलून मागे ठेवली.

तिसरं गाणं संपलं. काठी मोडली. नऊ सेकंद.

त्या नऊ सेकंदांत काहीही नव्हतं. धुऊन वाळत घातलेल्या चादरीसारखी स्वच्छ शांतता होती. मग चौथं गाणं लागलं.

बाईंनी चष्मा लावून वेष्टनाची मागची बाजू मोठ्याने वाचली. "आधुनिक तंत्राच्या साहाय्याने या आवृत्तीतून सर्व अनावश्यक आवाज काढून टाकण्यात आले आहेत."

हे वाक्य हजारो प्रतींवर छापलेलं होतं. ते आजवर कुणी वाचलं नव्हतं, कारण प्रती मागची बाजू भिंतीकडे करून ठेवायच्या असा नियम होता.

तातडीची सभा भरली. शिंक नाही म्हटलं तर अहवाल जातो, अभिवादन जातं, उपसमिती जाते आणि उपसमितीची खोली दुसऱ्या कुणाला तरी द्यावी लागते. शेवटी ठराव मांडण्यात आला : 'आजच्या श्रवणात शिंक स्पष्टपणे ऐकू आली.' सोळा हात वर गेले. जावयाचा हात कोपरापर्यंत वर गेला आणि तिथे अडखळला. संघाच्या घटनेत अर्ध्या हाताची तरतूद नसल्यामुळे तो पूर्ण धरला गेला. विरोधात एकच आवाज उठला, तो तंत्रज्ञाचा. "नाही आली हो!" असं तो दोनदा म्हणाला. पण तो सभासद नव्हता, आणि त्याचा आवाज अनावश्यक आवाजांत मोडत होता. ठराव एकमताने मंजूर झाला.

बाईंनी पिशवी उचलली आणि कुणाकडेही न बघता जिना उतरल्या.

रविवारी सकाळी त्या भाजी निवडत होत्या. निवडून झाली तरी उगाच निवडत होत्या. जावई आला. जॅकेट पोटाशी चौकोनी फुगलं होतं.

"चोरलीत?"

"छे. सहचिटणीसाला पेट्या तपासता येतात. तपासणीत एक प्रत जास्त भरली, असं लिहिलं." त्याने रेकॉर्ड पुढे केली. दोन कोपरे दुमडलेले. "आई, चुकलं माझं."

"बसा."

सुई टेकली. खरखर झाली, तिसरं गाणं संपलं, काठी मोडली. जावयाचा हात सवयीने रुमालाकडे गेला. बाईंनी फक्त पाहिलं. हात परत आला.

दोन छोट्या. एक मोठी.

"एवढीच?" जावयाने विचारलं. वीस वर्षं तो ही शिंक करत होता, ऐकली मात्र आज पहिल्यांदा. "ही तर अगदी साधी शिंक आहे हो."

"साधीच. सर्दी झाली होती ह्यांना." मग बाई रेकॉर्डकडे वळून म्हणाल्या, "मफलर गुंडाळा म्हटलं होतं."

शनिवारची सभाही कुणीतरी श्रवणासकट रेकॉर्ड केली होती. तिचाही लाइव्ह अल्बम निघाला असून पहिली आवृत्ती हातोहात संपली आहे. वार्षिक श्रवणात आता 'गप्प बसा!' हे बाईंचे शब्द यायच्या बेताला सगळे सभासद एका सुरात "गप्प बसा!" असं ओरडतात. त्यामुळे बाई काय म्हणाल्या ते कुणालाच ऐकू येत नाही. तंत्रज्ञाचं "नाही आली हो!" त्यातून काढलेलं आहे.

हे सगळं वाचून तुम्हाला हसू आलं असेल, तर बरंच झालं. पण त्या अल्बमच्या इतक्या प्रती खपल्या, त्या गेल्या कुठे? तुमची तेवढी दाखवा पाहू. वेष्टन फोडलंत का?