आधी आ करा

साळवेमामांच्या घरी गेलं की चहाआधी तोंड उघडावं लागे. "आधी आ करा," म्हणत मामा आइस्क्रीमची लाकडी चमची गालाच्या आतून फिरवत. पोस्टमन सुटला नाही, गॅसवाला सुटला नाही. भिंगारमधल्या आमच्या गल्लीत लोक त्यांच्या दारावरून ओठ मिटून जात.

मामा नगरच्या एका कॉलेजात प्रयोगशाळा सहायक होते. निवृत्त होताना इतरांना शाल-नारळ मिळतो, मामांनी मोडीत निघालेला मायक्रोस्कोप, जांभळ्या उजेडाचा दिवा आणि रंगाची एक बाटली मागून घेतली. गालातून निघालेल्या पेशींवर तो रंग टाकायचा. "जित्त्या पेशीत एन्झाईम आसतं, गुरुजी. ते ह्या रंगाला कातरतं, आन् पेशी हिरवीगार चमकती. मेलेलीचं काय बी न्हाई."

हा कारभार चाले मामींच्या खाटेसमोर. लकवा मारल्यापासून मामींचं बोलणं गेलं होतं, ओळखही गेली होती. आपला आ मिटायची परवानगी लवकर मिळत नसे. मध्येच मामा मामींना पेज भरवत आणि आपण तसेच ताटकळत बसायचं.

निकाल ते तोंडावर सांगत. "निम्म्या मेल्यात. तंबाखू सोडा." शाळेत पोरांचे निकाल लावणारा मी, मान खाली घालून घरी आलो होतो. दिवाळीनंतर मात्र मामा एकदम उदार झाले. ज्याच्या त्याच्या पेशी "एक नंबर!" तंबाखू तर मी सोडलीच नव्हती.

एका दुपारी मी हटून बसलो. "माझ्या पेशी मला दाखवणार असाल, तरच आ करतो." मी बाटली उचलली, तर ती कोरडी ठणठणीत.

"रंग दिवाळीलाच सपला, गुरुजी."

"मग हे सोंग कशाला?"

मामांनी पेजेची वाटी दाखवली. "भरवाया गेलं की ही दात आवळती. डॉक्टर म्हनले, पोटात गेलं न्हाई तर लई दिस न्हाई काढायची. समोरच्यानं आ केला की हीबी करती. मी केला तर न्हाई करत. माझं थोबाड रोजचंच झालंय तिला."

मला माझीच लाज वाटली. मी खाटेसमोर बसलो आणि चांगला मोठा आ केला. मामी बराच वेळ माझ्याकडे बघत राहिल्या. मग त्यांचे ओठ उघडले.

मामांनी चमचा आत सरकवला, त्या गिळेपर्यंत थांबले आणि मला म्हणाले, "एक नंबर पेशी हायेत, गुरुजी. उद्या येताल ना?"