काटा टोचायचा राहिला

रामसजीवन लाइनमन कुणाच्या बापाला भीत नसे, आणि ही बातमी तो स्वतःच गावोगाव पोचवत असे. आरा शहराच्या बाजूला कुठंही वीज गेली की हा नुसत्या बनियनवर खांबावर! ना कमरेला पट्टा, ना हातात मोजे. ऑफिसातून मिळालेले रबरी हातमोजे खिडकीत टांगलेले होते. त्यातल्या एकात चिमणीनं पिल्लं काढली, तर हा म्हणाला, चला, कुणाच्या तरी उपयोगी पडले. जोडीदार मुनीलालनं टोकलं की याचं उत्तर ठरलेलं.

"मुनीलाल, मरण मला बघून रस्ता बदलतं."

थोरली बहीण फुलेसरी पिपरपांतीला दिलेली. तिच्या कानावर हे सगळं जायचंच. दर भेटीत ती पट्ट्याबद्दल हात जोडून सांगायची, आणि हा हसत हसत पुढचा पिठा ताटात ओढायचा. दिदीच्या हातचे डाळ भरलेले पिठे म्हणजे याचा जीव की प्राण.

म्हणून यंदा भाऊबीजेला स्वारी जेवणाच्या वेळेऐवजी सकाळीच मोटरसायकलवरून पिपरपांतीत हजर झाली. इथंच घोटाळा झाला. त्या सकाळी गल्लीतल्या बायका एका अंगणात जमतात, शेणाचा गोधन नावाचा पुतळा मांडतात आणि उपाशीपोटी आपापल्या भावांना मरणाचे शाप देतात. हो, शापच! मग रिंगणीचा काटा जिभेला टोचून घ्यायचा, शाप परत घ्यायचा आणि भावाला पुन्हा जिवंत करायचं. शेवटी मुसळानं गोधन कुटायचा आणि पुजलेले हरभरे भावाला न चावता गिळायला द्यायचे, म्हणजे त्याला वज्रासारखं आयुष्य मिळतं. रामसजीवनला यातले फक्त हरभरे आणि त्यानंतरचं जेवण माहीत. शापाच्या वेळी पुरुष तिकडे फिरकत नाहीत, त्यामुळं तो भाग त्यानं कधी कानांनी ऐकला नव्हता.

आज मात्र अंगणाच्या फाटकाशी पोचला आणि राहवलं नाही. कडी हळूच काढली, फाटक बोटभर सरकवलं आणि डोळा लावला.

बाकीच्या बायका शाप कसेबसे उरकून टाकत होत्या. मरो, साप चावो, झालं. पण दिदी! दिदी डोळे मिटून, पदर खोचून, जीव ओतून शाप देत होती. माझा भाऊ तारेला चिकटून मरो. खांबावरून पडून मरो. पट्टा न बांधता मरो, मोजे न घालता मरो, आणि उद्यावर न ढकलता आजच मरो.

रीतच आहे ती, रामसजीवननं मनाला समजावलं. आता काटा टोचेल की सगळं मिटेल. बायकांनी एकेक करून काटे उचलून टोचूनसुद्धा घेतले. पण दिदीचे शाप काही संपेनात.

तेवढ्यात त्याच्या काखेखालून काहीतरी गरम फुस्स झालं. वळून बघतो तर गावात मोकळा सोडलेला वळू. हरभऱ्याच्या वासानं आलेल्या त्या महाराजांनी रामसजीवनला कडेला सारलं, उघडं फाटक शिंगानं आणखी उघडलं आणि थेट गोधनावर पाय दिला. बायका मुसळं टाकून ओट्यावर चढल्या. वळूनं काट्यांची टोपली तुडवली, शेणात कालवली, हरभऱ्यांची एक परडी फस्त केली आणि मग कुठं हाकलल्यावर गेला.

रामसजीवन धावत आत गेला. "दिदी, काटा टोचलास ना?"

फुलेसरीनं त्याच्याकडं पाहिलं, उघड्या फाटकाकडं पाहिलं, मग शेणाच्या त्या चिखलाकडं बघून शांतपणे म्हणाली, "इथं काटे उरलेत कुठं? फाटक कुणी उघडलं रे?"

बाकी सगळ्यांचे भाऊ जिवंत झाले होते. एकटा रामसजीवन तेवढा मेलेला होता! रिंगणी तर बांधाबांधावर उगवते, आत्ता घेऊन येतो, असं म्हणून तो निघाला, तर दिदी मागून म्हणाली, "जा, पण जपून हं बबुआ." तिनं हे आधी शंभरदा म्हटलं असेल, पण आज ते ऐकून तो खाली बघून एकेक पाऊल टाकू लागला.

मोटरसायकल त्यानं तिथंच ठेवली. मेलेल्या माणसानं गाडी चालवू नये, असं त्याला वाटलं. कालव्याच्या कडेला गेला तर कडा यंत्रानं खरवडून गुळगुळीत केलेल्या, रिंगणीचं पान नाही. एका ताडाखालून चालला होता, तोच वाळकी झावळी धप्पकन मागं पडली, आणि तिथून पुढं तो झाडं टाळून शेताच्या मधोमध चालू लागला. तिथं वर विजेच्या तारा. वाऱ्यानं डुलणाऱ्या, दोरीवरच्या धोतरासारख्या लोंबणाऱ्या. त्या कुणी बांधल्या होत्या हे त्याला पक्कं ठाऊक होतं. त्यानंच. तो जीव मुठीत धरून वाकून पळाला.

एवढ्यात मुनीलालचा फोन आला. पिपरपांतीची वीज गेली होती, गावाबाहेरच्या खांबावरचा जंपर, म्हणजे तारा जोडणारा तुकडा, तुटला होता, आणि रामसजीवन तिथंच आहे तर चढून तो जोडून टाकावा, असं त्याचं म्हणणं.

"आज नाही. माझ्यावरचा शाप उतरला नाही अजून."

मुनीलाल इतका हसला की फोन दोनदा कट झाला. पण सणाच्या दिवशी गाव अंधारात ठेवायचं म्हणजे दिदीच्याच दारात शिव्या. शेवटी रामसजीवननं अटी घातल्या. पट्टा हवा, मोजे हवेत, शटडाऊन हवं, म्हणजे मागून लाइन बंद, आणि तारेत वीज उरलीच तर ती जमिनीत उतरवणारी, तारेवर टाकायची अर्थिंगची साखळीही हवी. ती साखळी ऑफिसात कुठं असते हेच मुनीलालला माहीत नव्हतं.

बऱ्याच वेळानं तो सगळं सामान घेऊन आला. मोज्यातून चिमणीचं गवत काढायचं राहिलं होतं. रामसजीवननं तसाच हात घातला. शटडाऊन मिळालंय, चढ, मुनीलाल म्हणाला. एरवी एवढ्यावर रामसजीवन अर्धा खांब चढून गेला असता. आज त्यानं सबस्टेशनला आणखी एकदा फोन करायला लावला. तिकडून हो आलं. तरी यानं खालूनच लांब काठीनं साखळी तारेवर टाकली.

धडाड्! निळा जाळ झाला, काठी हातातून उडाली आणि मुनीलाल उताणा पडला. तिकडं भलताच फीडर, दुसऱ्याच भागाची लाइन, बंद केला होता; ही तार जिवंतच होती.

मुनीलालचं हसू कुठल्या कुठं गेलं होतं. रामसजीवन खांबाच्या बुडाशी मटकन बसला. बसला तो किंचाळतच उठला. खांबाखाली रिंगणी माजली होती.

योग्य फीडर बंद झाला, जंपर बसला, वीज आली. रामसजीवननं रिंगणीची एक फांदी जपून तोडली, स्वतःला टोचलेले काटे मुनीलालकडून उपटून घेतले आणि त्यालाही सोबत घेऊन तिरका तिरका चालत दिदीचं घर गाठलं. तिला साखळीची गोष्ट सांगताना त्याची बोबडी वळत होती. ती ऐकताना फुलेसरी पांढरीफटक पडली. फांदी तिनं कोनाड्यात ठेवून दिली.

"अगं, टोच ना आता!"

तिनं जीभ बाहेर काढली. टोकाला रक्ताचा वाळलेला ठिपका होता, सकाळचा.

"तू खांबावर चढायला लागलास तेव्हापासून मी आधी टोचून घेते आणि मग शाप देते. मध्येच काही झालं तर? तुझ्या बाबतीत कशाचा भरवसा?"

"मग सकाळी सांगितलं का नाहीस? मी अर्धा मेलो!"

"वर्षभर मी भिते," फुलेसरी म्हणाली आणि तिचे डोळे भरून आले. "एक दिवस तूही भिऊन बघ."

रामसजीवन खाली मान घालून बसला. दिदीनं डोळे पुसून वळूच्या तावडीतून वाचलेले चार हरभरे त्याच्या तळहातावर ठेवले. न चावता गिळायचे. त्यानं सगळे एकदम तोंडात टाकले, त्याच वेळी त्याला हुंदका आला, आणि वज्रासारखं आयुष्य देणारा एक हरभरा घशात आडवा बसला. डोळे पांढरे झाले, श्वास अडकला. फुलेसरीनं पाठीत दणादण गुद्दे घालायला सुरुवात केली.

"अरे मेल्या, खोक! मेल्या, खोक ना!"

हरभरा उडून शेजारी जेवायला बसलेल्या मुनीलालच्या ताटात पडला. रामसजीवननं श्वास घेतला. फुलेसरीनं मात्र कपाळावर हात मारला, जीभ चावली आणि कोनाड्यातली फांदी खाली घेतली.

"दोनदा म्हणालीस," रामसजीवन घोगऱ्या आवाजात म्हणाला, आणि या खेपेला दुसरा काटा टोचून होईपर्यंत तो तिच्यासमोरून हलला नाही.