टेलरमास्तर खरं बोलू लागले

सोमवारी सकाळी दुकानाचं शटर वर गेलं आणि टेलरमास्तर खरं बोलू लागले. दोष त्यांचा नव्हता. आदल्या दिवशी चर्चमध्ये पाळकसाहेबांनी ठणकावून सांगितलं होतं, की नुसती रविवारी गीतं गाऊन देवाचा मान राहत नाही. तो राहतो सोमवारी, आपापल्या कामाच्या टेबलावर. शंभर माणसांनी माना डोलावल्या आणि घरी जाऊन ती जेवली. मनाला लावून घेतलं ते एकट्या मास्तरांनी.

आता शिवणकामात खोटं असं असतं कितीसं? एकच. कापड गाठोड्यात तसंच पडलेलं असताना म्हणायचं, "झालंय, फक्त बटणं राहिलीत, गुरुवारी या." गिऱ्हाइकालाही ते ठाऊक असतं. ते गुरुवारी येतं, भांडतं आणि त्याच्या पुढच्या गुरुवारी कपडे घेऊन जातं. इतक्या वर्षांत कुणाचं काही अडलं नव्हतं.

पहिल्या आल्या शाळेच्या मुख्याध्यापिका. "माझा कोट?"

"अजून कापलाही नाही, बाई. वीस दिवस लागतील."

बाई लालबुंद झाल्या. "अहो, निदान बटणं राहिलीत असं तरी म्हणा. माणसाला काही रीतभात असते की नाही?"

मास्तरांचे वीस म्हणजे चाळीस, असं मनाशी धरून त्यांनी कापड उचललं आणि त्या समोरच्या दुकानात गेल्या. समोरचा म्हणाला, "गुरुवारी." बाई समाधानाने घरी गेल्या. अशा लोकांपुढे खरं बोलायचं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

बुधवारपर्यंत सात गाठोडी रस्ता ओलांडून गेली. दुकानात काज-बटणं करणारी मास्तरांची बायको रिकाम्या फळीकडे बघत म्हणाली, "देवाला खोटं आवडत नाही, कबूल. पण आपलं दुकान बंद पडलेलं आवडतं, असं कुठे सांगितलंय त्याने?"

"आज्ञा काय सोयीपुरती पाळायची?" मास्तर म्हणाले. आवाज मात्र बारीक होता.

फळीवर एकच गाठोडं उरलं होतं, खुद्द पाळकसाहेबांचं. शनिवारी त्यांच्या मुलीचं लग्न होतं. दुपारी ते स्वतःच आले. "आणा कोट. बटणं लागली असतील आता."

"साहेब, कापडाला अजून कात्री लागलेली नाही. चार वेळा तुमच्याशी खोटं बोललो, माफ करा. आता हातात दुसरं कामच उरलं नाहीये, तेव्हा शुक्रवारी चारला नक्की देतो."

साहेब भडकले. "शुक्रवारी? आणि मी घरी सांगून बसलोय, की कोट अंगात घालून बघितला, खांद्यात झकास बसतो म्हणून."

"असं कशाला सांगितलंत?"

"रोज विचारते हो बायको. मी तरी किती दिवस बटणं सांगणार?" साहेब स्टुलावर बसले. "एक करा. संध्याकाळी तिचा फोन येईल. कोट तयार आहे, एवढंच म्हणा. नाहीतर मला हे कापड समोर न्यावं लागेल."

मास्तरांनी गाठोड्याकडे पाहिलं. तेही गेलं, की उद्या शटर कशासाठी उघडायचं हा प्रश्नच होता. मग त्यांनी गाठोडं उचलून साहेबांच्या मांडीवर ठेवलं. "न्या, साहेब. मला नाही जमायचं."

तीन दिवस नवऱ्याला धारेवर धरणारी बायको तरातरा उठली. तिने साहेबांच्या मांडीवरचं गाठोडं हिसकावलं आणि नवऱ्यापुढे आपटलं. "काही न्यायचं नाही. तुमच्या उपदेशापायी सात गाठोडी गेली आमची. ऐकणारा उपाशी राहायला तयार, आणि सांगणाऱ्याला स्वतःच्या घरी दोन शब्द खरे बोलवत नाहीत? शुक्रवारी चारला कोट मिळेल. तुम्ही आत्ता घरी जा आणि बायकोला काय ते खरं सांगा."

मास्तरांनी मान वर न करता कापड पसरलं आणि खडूने रेघ मारायला घेतली. पाळकसाहेब दारापर्यंत गेले, पायरीवर घुटमळले आणि परत आले.

"वहिनी," ते हळूच म्हणाले, "तुम्ही येता का बरोबर?"

तिने हातातली सुई खोचून ठेवली आणि पायात चपला सरकवल्या.