हिशेबनीसांचं प्रात्यक्षिक

कॉलेजच्या हिशेबनीसांनी फोनला वायर जोडली आणि त्यांचा अख्खा फोन सभागृहाच्या पडद्यावर दिसू लागला. समोर सभागृह पहिल्या वर्षाच्या मुलांच्या आई-वडिलांनी खच्चून भरलं होतं. पहिल्या रांगेत प्राचार्य. या प्रीपेड कार्डाच्या योजनेवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. "पालक हो म्हणाले तर बघू," एवढंच ते म्हणाले होते.

"महिन्याचे पैसे एकदाच भरायचे," हिशेबनीस सांगत होते. "ते संपले की खर्च बंद. मुलगा कुठे खर्च करतो, ते तुम्हाला घरबसल्या कळतं. माझ्याच चिरंजीवांना मी गेल्या महिन्यात कार्ड दिलंय. याच कॉलेजात आहेत. हे बघा."

पडद्यावर वह्यांचं दुकान आलं, झेरॉक्स आली. प्राचार्यांनी मान डोलावली. तेवढ्यात टुंग वाजलं आणि सगळ्यात वर नवी ओळ उमटली. ब्यूटी पार्लर.

सभागृहात खसखस पिकली.

"केस कापले असतील," हिशेबनीस म्हणाले.

"बायकांचं पार्लर आहे ते," एक बाई म्हणाल्या. "मी जाते तिथे."

विषय बदलावा म्हणून हिशेबनीस कार्डाच्या फीबद्दल बोलू लागले, पण कोणी ऐकत नव्हतं. सगळे पडद्याकडे डोळे लावून बसले होते. थोड्या वेळानं पुन्हा टुंग. सिनेमागृह, तिकिटं दोन.

"आत्ता कॉलेजची वेळ आहे ना?" प्राचार्यांनी शांतपणे विचारलं.

"आधी तिला पार्लरला नेलं, मग सिनेमाला," मागून एक गृहस्थ म्हणाले. "पोरगं हाताबाहेर गेलंय, साहेब. कार्ड बंद करा."

"हो, करा ना. बंद होतं ते तरी दिसू दे," दुसरे म्हणाले.

हिशेबनीसांना त्या क्षणी योजनाही नको झाली आणि चिरंजीवही. पण दोनशे माणसं बघत होती. त्यांनी 'बंद करा' दाबलं. पडद्यावर लाल कुलूप आलं आणि पालकांनी समाधानाचा सुस्कारा सोडला.

दोन मिनिटांत फोन वाजला. पडद्यावर भलंमोठं 'घर' आलं. हिशेबनीस फोन कापायला गेले आणि घाईत भलतंच बटण दाबलं गेलं. सभागृहाच्या चारही स्पीकरमधून बायकोचा आवाज घुमला.

"अहो, ते कार्ड चालेना. दोन कॉफ्या घेतल्यात, काउंटरवरची मुलगी हातातले कप सोडत नाहीये. तुम्ही काही केलंत का?"

"तुझ्याकडे कसं कार्ड? तो कुठे आहे?"

"कॉलेजात. आणखी कुठे असणार? सकाळी म्हणाला, आई, माझे पैसे उरतात, तू जाऊन ये कुठेतरी. मग मी वन्संना घेतलं आणि निघाले. तीन वर्षं सिनेमा बघू म्हणतेय. तुम्ही म्हणता, टीव्हीवर येईल."

"आणि पार्लर?"

"मग काय, तशाच गेलो असतो?"

पलीकडे फोन हिसकावल्याचा आवाज झाला आणि हिशेबनीसांची थोरली बहीण बोलू लागली.

"ऐक. सिनेमा सुरू होतोय. कार्ड चालू कर."

"हो ताई," हिशेबनीस म्हणाले.

लाल कुलूप उघडलं. लगेच टुंग झालं, कॉफी दोन. मागोमाग पुन्हा टुंग, केक दोन. मग फोन बंद झाला.

हिशेबनीसांनी वायर काढली. प्राचार्यांकडे बघण्याचं त्यांचं धाडस होईना. "कोणाला काही शंका?" त्यांनी खालमानेनं विचारलं.

बरेच हात वर झाले. सगळे बायकांचे. त्या पार्लरला जाणाऱ्या बाई उभ्या राहिल्या.

"सर, फॉर्म कुठे मिळतील ते सांगा. आणि एक विचारायचंय. हे मेसेज वडिलांनाच जातात, की आईचा नंबर दिला तरी चालतो?"

"चालतो. फॉर्म तिथे टेबलावर आहेत," हिशेबनीस म्हणाले.

टेबलावरचे फॉर्म बघता बघता संपले. वडील मंडळी मात्र बराच वेळ जागची उठली नाहीत.