सर्वांत कमी धावलेली मोटार

एका जंगलात, बाळांनो, रखमाजी नावाचं एक म्हातारं उदमांजर राहत होतं. तरुणपणी त्यानं वीतभर लांबीच्या शर्यतीच्या मोटारी बनवल्या होत्या. इंजिन सुपारीएवढं, पण खरं. पेट्रोल चमचाभर. मधे खुंटा रोवायचा, मोटार तारेनं त्याला बांधायची आणि मागून काठीनं ढकलायची. मग ती खुंट्याभोवती अशी सुसाट फिरायची, की बघणाऱ्यांच्या माना दुखायच्या.

पुढे मोटारी जुन्या झाल्या. जुन्या झाल्या म्हणजे थोर झाल्या. लगेच मंडळ निघालं. अध्यक्ष झाला गवा. तो खुरांवर पांढरे मोजे घालायचा. त्यानं नियम केला : मोटार सुरू करायची नाही, रंग उडतो. वार्षिक शर्यत मात्र व्हायचीच. मोटारी खुंट्याभोवती उभ्या करायच्या आणि भिंगातून बघायच्या. जी सर्वांत कमी धावलेली, तिचा पहिला नंबर. हसू नका. मोठी मंडळी असंच खेळतात.

रखमाजीनंही आपली लाडकी लाल मोटार मंडळाच्या कपाटात ठेवायला दिली होती. आता त्याचे कान जायला लागले. पुरतं बहिरं होण्याआधी तिचा आवाज एकदा ऐकायचा, एवढीच त्याची इच्छा.

"अध्यक्षसाहेब, एकदाच सुरू करू द्या."

"छे छे, आजोबा! तिच्या धुराड्यावर मूळची काजळी आहे. नवी बसली म्हणजे?"

"अहो, ती मूळची माझ्याच हातची की!"

"म्हणून तर हात लावायचा नाही."

बाळांनो, मला तर अस्सा राग येतो!

शर्यतीच्या दिवशी कपाट उघडलं. मंडळी भिंगं पुसण्यात गर्क होती. रखमाजीनं गुपचूप आपली मोटार तारेला अडकवली, पेट्रोल घातलं आणि ती काठीनं ढकलली.

टर्र... टर्रर्रर्र!

मोटार सुटली. सगळ्यांच्या माना गरागरा फिरल्या. गव्याचे डोळे भरून आले. धुरानं, असं तो म्हणाला.

पेट्रोल संपलं, मोटार थांबली. रखमाजी खुशीत होता.

"ऐकलं बरं का! मागचं डावं चाक कुरकुरतंय. तेल हवं."

मंडळानं त्याला मोटारीसकट काढून टाकलं. तो मोटार काखेत मारून तेल शोधायला गेला.

पहिला नंबर मोराला मिळाला. त्याच्याकडे एक खोकं होतं, दुकानातून आलं तेव्हापासून न उघडलेलं. आत मोटार आहे का, हे कुणी पाहिलं नाही. पाहायचं तर खोकं फाडावं लागलं असतं.

तात्पर्य : धावलात की झिजलात. तेव्हा बाळांनो, खोक्यातच बसा. पहिले याल.