बाष्पीभवन प्रतिबंधक उपसमिती

पाणी हा मुळातच बेशिस्त पदार्थ आहे, आणि माती त्याला सामील असते. हे सत्य नायगावच्या खाडीकाठी उभ्या असलेल्या ‘निसर्गस्पर्श’ सोसायटीला एप्रिलात कळलं. (निसर्गाचा स्पर्श बागेपुरताच, बाकी सगळीकडे टाइल्स.) सकाळी टँकरचं पाणी बागेला घालावं, तर संध्याकाळी माती पुन्हा कोरडी ठक्क. पाणी चोरीला जातंय यावर कमिटीत एकमत झालं, आणि संशयही एकमतानं बी विंगवर घेण्यात आला. कॅमेरा बसवला. आठवडाभराच्या चित्रणात चोर काही दिसला नाही, ऊन तेवढं दिसलं.

सेक्रेटरी प्रीतमचा जीव मात्र वेगळ्याच गोष्टीत अडकला होता. बागेतला सोनचाफा त्याच्या आईनं, यमुनाबाईंनी लावलेला. गास गावची वाडी विकली तेव्हा तिथून आणलेलं ते एकच रोप. वाडीचं म्हणून दुसरं काही उरलं नव्हतं. आता त्या चाफ्याची पानं कडेनं करपत होती. प्रीतमला तिकडे बघवत नसे, आणि बघितल्याशिवाय राहवतही नसे.

म्हणून त्यानं बाष्पीभवन प्रतिबंधक उपसमिती काढली. आणि नवल म्हणजे उपसमितीनं खरोखरच अभ्यास केला! बागेत खाडीची चिकणमाती आहे, असं अहवालात म्हटलं होतं. तिची छिद्रं इतकी बारीक की वरचं पाणी उडालं की ती खालचं ओढून वर आणते आणि उन्हाच्या स्वाधीन करते. (इतका सेवाभाव कमिटीतही आढळत नाही.) पाणी जातं, मीठ मागे राहतं. पुढे भेगा पडल्या की खोलवरची ओलसुद्धा निघून जाते. त्या मानानं वाळू शहाणी. तिचा वरचा थर पटकन सुकतो आणि खालच्या ओलीवर झाकणासारखा बसतो.

तेव्हा उपाय सोपा होता: माती पालापाचोळ्यानं झाकायची. यमुनाबाई ते आधीपासून करतच होत्या. पण झाडाखाली एकही सुकं पान दिसता कामा नये, असा सोसायटीचा स्वच्छतेचा नियम. त्या पानं पसरायच्या, झाडूवाले उचलायचे, त्या पुन्हा पसरायच्या. शेवटी ‘परिसराचे विद्रूपीकरण’ केल्याबद्दल त्यांना नोटीस निघाली. सही प्रीतमची. घरचीच बेल वाजवून त्यानं ती आईच्या हातात दिली, कारण पोच घ्यायची होती.

“अरे, उघडी माती म्हणजे दोरीवरचं लुगडं. सुकणारच ती!”

“आई, नियम सगळ्यांना सारखा.”

“हो का? मग झाडंही सगळी सारखीच मरतील,” म्हणत त्यांनी सही केली, आणि त्याला चहा विचारला नाही.

सर्वसाधारण सभेत चेअरमन दयाराम साहेबांनी अहवालाची तोंडभरून स्तुती केली. “माती झाकायची, एवढंच ना? पेव्हर ब्लॉक टाकू! खाली सिमेंट, म्हणजे थेंब उडायला नको. शिवाय आठ गाड्यांची सोय.” टाळ्या पडल्या. हात वर करायची वेळ आली तेव्हा आई आपल्याकडेच बघतेय हे प्रीतमला दिसत होतं. पण पार्किंगच्या रांगेत त्याचा नंबर पहिला होता. हात वर गेला.

ब्लॉक बसले. चाफ्याभोवती हातभर आळं ठेवलं होतं, पण त्यात एकाचा पाय मुरगळला, म्हणून तेही बुजवलं. बाष्पीभवन शंभर टक्के थांबलं. (पावसाळ्यात मुरणंही थांबलं, सगळं पाणी शिस्तीत गटारात गेलं.) दिवाळीपर्यंत चाफा वाळला, आणि पडायच्या भीतीनं रीतसर कापला.

परवा प्रीतम गाडीत काचा वर करून बसला होता. बरोबर चाफ्याच्याच जागी. एसी चालू होता, आणि तो चक्क रडत होता. गाडी मात्र उन्हात तापते, सावलीची सोय करा, असा त्याचा तक्रार अर्ज कमिटीकडे आला आहे.

प्रीतमचा राग आला असेल, तर जरा खाली जाऊन बघा तुमची गाडी कशावर उभी आहे ते. आणि जाताच आहात, तर कुंपणाशी दोन सुकी पानं पडलीत म्हणून काल ग्रुपवर फोटो टाकलात ना? उचलली हो ती.