आवाज न करणाऱ्या गाडीची चाचणी

मोठे निर्णय माणसाने नीट विचार करून घ्यावेत, असं सर्वत्र मानलं जातं. प्रत्यक्षात निर्णय आधी होतो आणि त्याला शोभेल असा विचार मागाहून मागवला जातो. महागड्या गाडीची टेस्ट ड्राइव्ह ही याच कामासाठी निघालेली अत्यंत प्रामाणिक सोय आहे. गाडी घ्यायचीच आहे, हे माहीत असलेला माणूस ती घ्यावी की नाही हे ठरवायला तीत बसतो, आणि बाजूला बसलेला विक्रेता त्याला ते ठरवू देतो.

माझा थोरला भाऊ दातांचा डॉक्टर आहे. या पेशाचा मोठा फायदा असा, की समोर येणारा प्रत्येकजण तोंड उघडतो आणि त्यामुळेच बोलू शकत नाही. "काय, कसं चाललंय?" असं विचारून दादा लगेच मशीन सुरू करतो. पलीकडून "आँ" असं उत्तर येतं. त्याचा अर्थ तो "अगदी उत्तम" असा लावतो. इतकी वर्षं रोज दिवसभर सगळ्यांचं अगदी उत्तम चाललेलं ऐकून त्याचा स्वभाव फार आनंदी झाला आहे.

वहिनी ग्रंथपाल आहे. वाचनालयात मोठ्याने बोलणाऱ्याला बाहेर काढण्याचा अधिकार तिच्याकडे असल्याने तिने स्वतः आवाज चढवल्याचं कोणाला आठवत नाही. असे दोघे एकत्र आले की संसार सुखाचा होतो. त्यांच्या घरात भांडण झाल्याची नोंद नाही. (भांडणाला निदान दोन्ही बाजूंना विषय माहीत असावा लागतो.)

दोघांना एकमेकांसाठी वेळ मिळायचा तो सकाळी, गाडीत. दादा वहिनीला वाचनालयापाशी सोडून दवाखान्यात जायचा. त्यांची जुनी गाडी डिझेलवर चालायची आणि पत्र्याच्या डब्यात खिळे घालून हलवल्यासारखा आवाज करायची. वहिनी तिच्या नेहमीच्या आवाजात बोलायची. दादा रस्त्याकडे बघत "हो हो, छान" म्हणायचा. कधीकधी बदल म्हणून "बघू" म्हणायचा. वैवाहिक सुखाची याहून टिकाऊ पद्धत माझ्या पाहण्यात नाही.

ही पद्धत मोडली एका पहारेकऱ्याने. दंतवैद्यांच्या संघटनेचा वार्षिक मेळावा होता. दादा कार्यकारिणीवर. तो हॉलच्या दारापाशी पोचला तेव्हा पहारेकऱ्याने गाडीकडे पाहिलं, दादाकडे पाहायची गरज त्याला वाटली नाही, आणि म्हणाला, "काका, केटरिंगच्या गाड्या मागच्या बाजूला."

दादाने मुकाट्याने गाडी मागे नेली आणि भांड्यांच्या टेम्पोशेजारी लावली. आपली काही प्रतिष्ठा नव्हती हे त्याला मान्य होतं. ती नसल्याचं दुसऱ्या कोणाला दिसलं, हे मान्य नव्हतं. घरी येऊन त्याने जाहीर केलं की जुन्या गाडीच्या सुरक्षिततेविषयी त्याला बरेच दिवस चिंता वाटत होती.

लगेच एक समिती स्थापन झाली. तीत दादा, वहिनी, आई आणि मी. मला घेण्याचं कारण, मी पाणीपुरवठा खात्यात टिपण्या लिहितो. एखादी गोष्ट का करता येत नाही हे पानभर लिहिण्याचा मला अनुभव आहे, आणि तोच अनुभव उलटा वापरला की एखादी गोष्ट का केलीच पाहिजे हेही लिहिता येतं.

शोरूममध्ये हवा इतकी थंड होती की माणसाला आपली श्रीमंती आपोआप जाणवावी. आम्हाला एक तरुण बाई भेटली. तिच्या छातीवरच्या पट्टीवर 'अनुभव सल्लागार' असं लिहिलं होतं. (गाड्या विकणाऱ्याला विक्रेता म्हणणं त्या इमारतीत शिष्टाचाराला धरून नव्हतं.) तिने कॉफी दिली आणि ही गाडी सगळ्यांसाठी नसते, असं हळू आवाजात सांगितलं. दादाची मान तेवढ्याने ताठ झाली.

गाडी काळी, लांब आणि कोणाचंही देणं लागत नसल्यासारखी उभी होती. दादा चालवायला बसला, सल्लागार त्याच्या शेजारी, आई, वहिनी आणि मी मागे. दारं लागली, आणि एकदम सगळं जग बंद झालं.

खरं सांगायचं तर अशी शांतता मी आमच्या खात्यात निविदा उघडतानासुद्धा अनुभवलेली नाही. बाहेर बस जात होत्या, माणसं एकमेकांवर ओरडत होती, आणि आत काहीच नाही. पहिल्या वळणापर्यंत आम्हाला कळलं की दादाचं नाक वाजतं. आई खोकल्याची गोळी चघळत होती, तेही कळलं. आईच्या सीटमध्ये पाठ रगडायची सोय होती. ती सुरू झाल्यावर आईने डोळे मिटले आणि समितीच्या कामातून अंग काढून घेतलं.

"या गाडीचं वैशिष्ट्य म्हणजे केबिनमधली शांतता," सल्लागार म्हणाली. "मागचा माणूस कुजबुजला तरी पुढे ऐकू येतं."

"गाडी चांगली आहे," वहिनी तिच्या नेहमीच्या आवाजात म्हणाली. "पण पुढच्या महिन्यात मी तिकडे गेल्यावर एवढ्या मोठ्या गाडीत तुम्ही एकटेच काय कराल?"

दादाने सवयीने "हो हो, छान" म्हटलं. मग आरशात पाहिलं.

"कुठे गेल्यावर?"

गाडी थांबली. ती चौकाच्या जरा अलीकडे, भर मधल्या लेनमध्ये थांबली. सल्लागाराने सांगितलं की पूर्ण थांबल्यावर ब्रेक आपोआप धरून ठेवला जातो आणि पायाला आराम मिळतो.

"अहो, मुख्य ग्रंथपालाची जागा," वहिनी म्हणाली. "दुसऱ्या गावचं मोठं वाचनालय. तुम्हाला मुलाखतीच्या आधी सांगितलं, नंतर सांगितलं, पत्र आलं त्या दिवशीही सांगितलं."

"मग मी काय म्हणालो?"

"छान म्हणालात."

दादाने माझ्याकडे पाहिलं. मला माहीत होतं, हे मी नाकारू शकलो नाही. शेजारच्यांना माहीत होतं. दादाच्या दवाखान्यातल्या नर्सने वहिनीला अभिनंदनाचा केकसुद्धा दिला होता, आणि दादाने त्यातले दोन तुकडे खाल्ले होते.

"आई, तुला ठाऊक होतं?"

आईने डोळे न उघडता सांगितलं, "ठाऊक काय, मी तिच्याबरोबर जाणार आहे. तुझ्याशी बोलायला तोंड उघडावं लागतं, आणि उघडलं की तू माझी दाढ बघतोस."

मागून हॉर्न वाजत असावेत. आरशात हात हलवणारी माणसं दिसत होती, पण आम्हाला काही ऐकू येत नव्हतं, म्हणून आम्ही बोलत राहिलो. बोलता बोलता असं निष्पन्न झालं की दादाने आजवर बऱ्याच गोष्टींना रीतसर मंजुरी दिली होती. बाल्कनीत कुत्रा ठेवायला त्याची हरकत नव्हती. त्याच्या मिशीचा कलप वाईट दिसतो, हे त्याला पटलं होतं. आणि आपण दोघांनी महिन्यातून एकदा तरी कामाशिवाय कुठेतरी जाऊन बसावं, या सूचनेला त्याने निरनिराळ्या ऋतूंत "बघू" असं उत्तर दिलं होतं.

दादाला यावर काहीतरी बोलायचं होतं. त्याने तोंड उघडलं. बराच वेळ ते तसंच राहिलं. त्या क्षणी तो त्याच्या पेशंटसारखा दिसत होता, आणि त्याचं अगदी उत्तम चाललं आहे असं कोणालाच वाटलं नाही.

"तू जाऊ नयेस, असं मी म्हटलं तर?" शेवटी त्याने विचारलं.

"म्हणून बघा," वहिनी म्हणाली. "मला उत्तर द्यायला आवडेल."

त्या रात्री समितीची बैठक झाली. मी टिपणी लिहिली. गाडीच्या बाजूने: दिसायला भारदस्त, आईच्या पाठीला आराम, पहारेकरी पुढे लावू देण्याचा दाट संभव. विरुद्ध: आतलं सगळं ऐकू येतं. शांततेचा मुद्दा दोन्ही बाजूंना पडत असल्याने तो फेरविचारासाठी राखून ठेवला.

दुसऱ्या दिवशी दादाने शोरूमला फोन करून थोडा आवाज येणारं मॉडेल आहे का, असं विचारलं. आहे, असं कळलं. वरच्या मॉडेलमध्ये इंजिनाचा आवाज स्पीकरमधून सोडायची सोय होती आणि तिचे पैसे वेगळे होते. म्हणजे आधी आवाज घालवण्याचे पैसे भरायचे आणि मग तो परत आणण्याचे. दादाला हे मनापासून पटलं होतं, पण वहिनी म्हणाली, "त्यापेक्षा आहे ती एकदा परत चालवून बघू." आणि या वेळी दादाने ते ऐकलं.

मग ते पुन्हा गेले. दोघंच, मागे सल्लागार. दोन दिवसांनी पुन्हा गेले. पुढच्या आठवड्यात दादाने सकाळचे पेशंट दुपारवर ढकलले. चाचणीचा ठरलेला रस्ता नदीवरच्या पुलापर्यंत जाऊन परत यायचा. हे दोघं पूल ओलांडून पलीकडच्या टेकडीपर्यंत जाऊ लागले. पहिल्या फेरीत दादा रागावला होता, आपल्याला कोणी काही सांगितलंच नाही म्हणून. दुसऱ्या फेरीत तो राग कोणावर आहे ते त्याच्या लक्षात आलं. नंतरच्या एका फेरीत वहिनी रडली आणि मग दोघं कशावरून तरी खूप हसली. त्यांच्या संसारातलं पहिलं भांडणही त्याच गाडीत, गरम होणाऱ्या सीटवर, अत्यंत आरामात पार पडलं. सल्लागार सुरुवातीला गाडीचे गुण सांगत असे. पुढे पुढे ती, "मॅडम, सरांचाही मुद्दा बरोबर आहे," एवढंच सांगू लागली.

शेवटी तिच्या साहेबाने दादाला केबिनमध्ये बोलावून नम्रपणे विचारलं, "सर, गाडीविषयी काय ठरलं?"

"गाडीविषयी अजून बोलणं झालेलं नाही," दादा म्हणाला.

हे खरं होतं.

गाडी घेतली नाही. कारण फार साधं निघालं. एका सकाळी जुनी गाडी वाचनालयाच्या आवारात उभी करून दादाने चावी फिरवली, इंजिन बंद केलं आणि उतरायच्या ऐवजी तसाच बसून राहिला. बंद गाडीतली शांतता त्या महागड्या गाडीइतकीच चांगली असते, हा शोध त्याला तेव्हा लागला. वहिनी उतरता उतरता थांबली.

"काय झालं?"

"काही नाही. सांग की."

वहिनी त्या दुसऱ्या गावी रुजू झाली. आईही गेली. दादा दर शनिवारी दवाखाना बंद करून जुन्या गाडीने तिकडे जातो. पोचल्यावर दोघं वाचनालयामागच्या झाडाखाली गाडी उभी करतात आणि आत बसून बोलतात. सुरुवातीला येणारेजाणारे काच ठोकून धक्का मारू का, असं विचारायचे. आता सवय झाली आहे. दादाने मिशीचा कलप सोडला. कुत्र्याचं बघू म्हणतो, पण कुत्र्याचंच बघू म्हणतो आहे हे त्याला ठाऊक असतं.

ती सल्लागार मला मध्यंतरी बाजारात भेटली. गाड्यांचा खप बरा आहे म्हणाली. फक्त लोक हल्ली घरच्यांना घेऊन आले की ती आधी त्यांना चौक टाळायला सांगते.

हे सगळं तुम्ही शांतपणे वाचलंत, याबद्दल आभारी आहे. मधे, बहुधा दादा पेशंटसारखा तोंड उघडून बसला होता त्या सुमाराला, तुमच्या घरातल्या कोणीतरी तुम्हाला काहीतरी विचारलं, आणि तुम्ही मान वर न करता "हं" म्हणालात. कशाला होकार दिलात, तेवढं एकदा जाऊन विचारा.